पांढरी पाच

बाबा, परवा खामगावला जाऊन त्या पेटीवाल्या काकांना भेटून आले. तुम्ही आपली पेटी दुरुस्तीला ज्यांच्याकडे नेली होती, तेच. आता खूप थकलेत. एका कानाने अजिबात ऐकू येत नाही, दुकान मुलगा बघतो आणि तो पेट्या ठेवतच नाही, विजेवर चालणारे कीबोर्ड विकतो. मी त्यांना एकच प्रश्न विचारायला गेले होते. त्याचं उत्तर मिळालं नाही, उलट आणखी दोन प्रश्न घेऊन परत आले. आज सोनाळ्यात दादाच्या घरी आहे. तुमच्या बाहेरच्या खोलीत आता तुरीची पोती रचलेली आहेत, त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून बसले आहे. दादा आणि वहिनी मिरचीच्या तोडणीला गेलेत. दुपार आहे, घरात कुणी नाही, आणि मला कुणाशी तरी हे नीट लावून बोलायचं आहे. सत्तावीस वर्षं झाली तुम्हाला जाऊन, तरी तुमच्याशीच बोलावंसं वाटतं, कारण जे घडलं ते ठाऊक असलेला माणूस तुम्हीच होता.

मी नववीत होते. खामगावला आत्याकडे राहून शिकत होते. शाळेच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये एक जुनी पायपेटी होती आणि ती वाजवणाऱ्या बाई मला शाळा सुटल्यावर शिकवायच्या. त्या पायपेटीचं मला काय वेड लागलं होतं, हे तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. आपल्या पेटीला डावा हात भात्यालाच लागतो, वाजवायचं ते उजव्यानं. पायपेटीत वारा पायाने भरायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. पहिल्या दिवशी माझा डावा हात मांडीवर नुसता पडून होता. बाईंनी तो उचलून खालच्या पट्ट्यांवर ठेवला आणि म्हणाल्या, याला पण काहीतरी काम दे. पुढे जन्मभर मी तेच काम केलं. वर गाणारे, वाजवणारे लोक असतात आणि माझा डावा हात त्यांच्या खाली चालत असतो.

त्या दिवाळीच्या सुटीत मी सोनाळ्याला आले तेव्हा संध्याकाळी तुमचं भजनी मंडळ याच खोलीत बसलेलं होतं. चहा चालला होता. मी पेटी पुढे ओढली आणि शाळेची प्रार्थना वाजवायला लागले, पांढरी एकला सा धरून, बाईंनी शिकवली तशी. पंचमावर आले आणि तो सूर खाली बसलेला. परत वाजवला, परत तसाच. मी थांबले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाबा, तुमची पेटी बेसूर आहे."

मंडळी हसली. कुणीतरी म्हणालं, पोरगी मास्तरीण होऊन आली. तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत. कप खाली ठेवला, जवळ सरकला आणि विचारलं, "कोनती पट्टी?"

मी दाबून दाखवली. मधल्या सप्तकातली पांढरी पाच. तुम्ही मान वाकवून ऐकलं. मी भाता हलवत राहिले, तुम्ही ऐकत राहिलात, बराच वेळ. मग मंडळींकडे बघून म्हणालात, "शिकून राह्यली न ते. तिले कळत असंल."

बस, तेवढंच. आठवड्याने तुम्ही पेटी गोणपाटात बांधून एसटीने खामगावला आणलीत. दुरुस्त करून घेतलीत आणि ती घेऊन थेट आत्याच्या घरी आलात, मला दाखवायला. ओसरीवर ठेवली आणि म्हणालात, आता पाहाय बरं. मी पांढरी एकमधून प्रार्थना वाजवली. पंचम ठिकाणावर होता. मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू. माझ्या एका शब्दावर माझ्या बापाने पेटी दुरुस्त केली होती. तुम्ही तिथे पाणी प्यालात, आत्याला वांगी दिलीत आणि पाचच्या गाडीने निघून गेलात. पेटी खांद्यावर घेऊन चालताना तुम्ही एका बाजूला कललेले होता, ते मला अजून दिसतं.

एक गोष्ट मात्र मी तेव्हा केली नाही. तुमच्या जागेवरून वाजवून बघितलं नाही. तुम्ही कायम काळी दोनमध्ये गायचात, सगळी भजनं तिथूनच. काळी दोनला सा धरला तर पांढरी पाच हा पंचम नसतो, गंधार असतो. आणि गाणाऱ्याचा गंधार पेटीच्या गंधारापेक्षा केसभर खाली असतो. हे मला चौदाव्या वर्षी ठाऊक नव्हतं. माझ्या जागेवरून तो सूर चुकीचा होता. तुमच्या जागेवरून तो कसा होता, हा प्रश्न पडायला मला पुढची तेरा वर्षं लागली, आणि तरी तुम्हाला विचारलं नाहीच.

मधलं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. पुण्याला गेले. पहिल्या महिन्यात वर्गात 'मले' म्हटलं तर मागच्या बाकावर हसू फुटलं, ते बोलणं मी दाराबाहेर ठेवायला शिकले. पियानो शिकले, मग एक गायकवृंद बसवायला लागले. तुम्ही एकदाच कार्यक्रमाला आलात, पिशवीत मेथी आणि मिरच्या घेऊन, आणि शेवटच्या रांगेत बसलात. कार्यक्रम संपल्यावर आपण बाहेर कट्ट्यावर बसलो. मग विचारलंत, "लोकाइकडं पाठ करून काऊन उभी होती तू?"

मी सांगितलं की गाणाऱ्यांना माझा चेहरा आणि हात दिसावे लागतात, कुणी कधी शिरायचं, कुठे श्वास घ्यायचा, ते मी दाखवते. तुम्ही विचार केलात. "अन् वाजवणं?" मी म्हणाले, तेही करते. "मंग बरं. नुसते हात हालवून राह्यली असं गावात सांगाले मले अवघड जाईल." यात थट्टा किती आणि काळजी किती, हे मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. तुमचं बरंचसं बोलणं असंच आहे. तुम्ही होता तोवर मी ते फारसं उलगडायला गेले नाही.

मग शिष्यवृत्ती मिळाली आणि नेदरलँड्सला गेले. तिकडे तीनशे-चारशे वर्षांपूर्वीचं संगीत त्या काळच्या वाद्यांवर, त्या काळच्या रीतीने वाजवायला शिकवतात. माझं वाद्य हार्पसिकॉर्ड. दिसतं पियानोसारखं, पण आत हातोड्या नसतात, पट्टी दाबली की तार छेडली जाते. कागदावर फक्त खालची ओळ लिहिलेली असते आणि तिच्याखाली आकडे. त्या आकड्यांवरून उजव्या हाताने काय भरायचं ते आपणच ठरवायचं. पहिल्याच आठवड्यात आमच्या गुरुजींनी वाद्य कसं लावायचं ते दाखवलं. ते म्हणाले, आज आपण बाराही सूर सारख्या अंतरावर बसवतो, म्हणून कुठूनही वाजवता येतं, पण गंधार चढे राहतात आणि आपल्याला त्याची सवय होऊन जाते. जुने लोक तसं करत नसत. ते काही गंधार अगदी स्वच्छ ठेवत आणि त्यापायी दुसरीकडे काही बिघडलं तर बिघडू देत. असं म्हणून त्यांनी किल्लीने एक तार किंचित सैल केली आणि सा आणि गंधार एकत्र वाजवले.

बाबा, ती आपली पेटी होती. मी उठून खोलीबाहेर गेले आणि जिन्यात उभी राहिले. सोनाळ्याच्या ह्याच खोलीत, शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसून तुम्ही काळी दोनमध्ये सूर धरायचात तेव्हा जो गंधार लागायचा, तो होता हा. मी तोच बेसूर म्हटला होता. मंडळींसमोर.

तुम्ही तेव्हा होता. पुढचे सात महिने होता. मी तुम्हाला चार पत्रं लिहिली. बर्फ कसा पडतो, सायकल कशी घसरते, वांगी कशी मिळतात आणि त्यांना कशी चव नसते, सगळं लिहिलं. हे लिहिलं नाही. स्वतःला सांगत राहिले की उन्हाळ्यात घरी गेल्यावर समोर बसून विचारेन, पत्रात असल्या गोष्टी नीट जमत नाहीत. खरं कारण हे असावं की विचारायचं म्हणजे आधी माझं चुकलं हे म्हणावं लागलं असतं. की तेही कारण मी नंतर शोधलं? उन्हाळा यायच्या आत दादाचा फोन आला, घरमालकिणीच्या फोनवर. मी पोचले तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं.

त्यानंतर मी ती गोष्ट सांगायला लागले. आधी वर्गात सांगितली, मग कार्यक्रमांत. तिकडेच माझा एक लहानसा वादकवृंद तयार झाला. मी हार्पसिकॉर्डवर बसूनच तो चालवते, डावा हात वाजवत असतो आणि उजवा मधूनच उठून इशारे देतो. कार्यक्रमाआधी वाद्य का आणि कसं लावलंय हे चार वाक्यांत सांगायची तिकडे पद्धत आहे, त्या चार वाक्यांत तुम्ही आलात. सातपुड्याच्या पायथ्याशी भाजी पिकवणारा माणूस, असं मला तिकडच्या लोकांना नकाशा काढून सांगावं लागायचं. मी सांगायची की त्या माणसाने कुणीही न शिकवता आपल्या पेटीच्या आतली, सूर देणारी पितळी पट्टी खरवडून गंधार स्वतः उतरवून घेतला होता. लोकांना ते फार आवडायचं. वर्तमानपत्रात माझ्याबद्दल काही आलं की त्यात तुम्ही असायचात. मी जी काही झाले ती कशी झाले, याचं उत्तर म्हणजे ती गोष्ट, असं मलाही वाटायला लागलं.

गेल्या शरद ऋतूत माझ्या एका विद्यार्थिनीने विचारलं, तिन्ही सप्तकांतला तो सूर उतरवलेला होता, की एकाच? साधा प्रश्न. तिन्ही ठिकाणचा सूर उतरलेला असेल तर ते माणसाने मुद्दाम केलेलं काम. एकाच ठिकाणचा, आणि तोही मधला, सगळ्यात जास्त वापरातला असेल, तर पितळी पट्टी झिजून किंवा तडकून सूर आपोआप खाली आला, एवढंच. मी लगेच म्हणाले, तिन्ही. तिने वहीत लिहून घेतलं. आणि घरी जाताना माझ्या लक्षात आलं की मी एकच पट्टी दाबली होती. वरची आणि खालची मी त्या दिवशी दाबून बघितलीच नव्हती. आता बघायला पेटी नाही. तुमच्या मागे दादाने ती मंडळाला दिली, मंडळाने आतले सगळे सूर नवे बसवून घेतले. जुन्या पट्ट्या कुठल्या तरी भंगारात गेल्या असतील.

म्हणून मी खामगावला गेले. काकांना आधी काहीच आठवेना. मग सोनाळा म्हटल्यावर चेहरा बदलला. टमाट्याचे कॅरेट घेऊन बाजारात येत जाय ते, म्हणाले, उंच, एका खांद्याने वाकलेले. तुम्ही दोनदा आला होता, असं ते म्हणाले. पहिल्यांदा सांगितलंत, पोरगी म्हनते पेटी बिघडली, ते म्हनते तशी करून द्या. हे मला ठाऊक होतं. दुसऱ्यांदा तुम्ही महिन्याभराने आलात, हे मला ठाऊक नव्हतं. पेटी सोबत आणली होती. तुम्ही विचारलंत, पहिल्यासारखी होईल का. काकांनी सांगितलं की होईल, पण सूर चढवायला टोकाकडून खरवडलंय, उतरवायला आता बुडाशी खरवडावं लागेल, पट्टी पातळ होईल आणि एखाद दिवशी वाजवता वाजवता तुटेल. तुम्ही थोडा वेळ बसलात. मग म्हणालात, "राहू द्या मंग. पोरीले आता हेच बरोबर लागते."

मुलाने पाणी आणून दिलं. मग मी विचारलं, काका, पट्टी एक होती की तीन? ते म्हणाले, एकच असंल. मी म्हणाले, नक्की का, तिन्ही सप्तकांतली पांढरी पाच नव्हती? ते माझ्याकडे बघत राहिले. मी पुढे वाकले होते, भुवया वर, हात किंचित उचललेला. गायकाला आत घ्यायचं असतं तेव्हा मी अशीच दिसते. ते म्हणाले, "हाव, तीनच असतील बाई. तीनच होत्या." मी हात खाली घेतला. ते उत्तर त्यांचं नव्हतं, त्यांच्याकडून मी वाजवून घेतलेलं होतं.

काल दादाला सगळं सांगितलं. तो जेवत होता. म्हणाला, तुले कोनी सांगितलं बाबानं खरवडली म्हणून? आजोबाच्या वेळी छप्पर गळून पेटीत पाणी गेलं होतं, तवापासून ती तशीच होती. मी म्हणाले, मग ते परत कशाला गेले काकांकडे? सवय झाली असंल तिची, दादा म्हणाला. मग मी त्याला माझा शेवटचा पुरावा सांगितला. दुरुस्तीनंतरच्या उन्हाळ्यात मी घरी होते, तुम्ही गात होता, आणि गंधार आला की तुम्ही त्या पट्टीवरचं बोट उचलायचात. गळ्यातून सूर यायचा, पेटी तेवढ्यापुरती गप्प. मला तेव्हा वाटलं होतं, बाबांचं वाजवणं ढिलं पडायला लागलं. आता वाटतं, तो चढा गंधार तुम्हाला सहन होत नव्हता. दादाने भाकरी मोडता मोडता माझ्याकडे बघितलं. "त्या साली विळ्यानं कापलं होतं त्यायचं बोट. वर्षभर दाबता येत नव्हतं त्याइले."

वहिनीने ताटात आणखी भाजी वाढली. मी जेवले. काय करणार होते?

काका आणि दादा, दोघंही खोटं बोलत नाहीत. पाणी गेलं असेल. बोट कापलं असेल. आणि तरीही तुम्ही खामगावला परत गेला होता, पेटी खांद्यावर घेऊन, त्या केसभराच्या फरकासाठी. हे सगळं एकाच माणसात कसं बसवायचं ते मला कळत नाही. जन्मभर मी जुन्या कागदांवरचे आकडे वाचून मेलेल्या माणसांच्या मनात काय होतं ते ठरवत आले, आणि लोक मला त्यासाठी मान देतात. आपल्या बापाच्या एका पट्टीचं मला ठरवता येत नाही.

सकाळी त्या विद्यार्थिनीला फोन केला. सांगितलं की मी तिन्ही म्हणाले होते, ते मला ठाऊक नव्हतं, वहीतलं खोड. पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे, त्याच्या पत्रिकेत तुमची गोष्ट छापायला गेली होती. मी ती काढायला सांगितली. तिने विचारलं, मग वाद्य कसं लावायचं? मी म्हणाले, नेहमीसारखंच लाव, त्या संगीताला तेच शोभतं. एवढं बोलताना मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. तुम्हाला कुठूनतरी उठवून बाहेर काढल्यासारखं झालं.

आता दादाची गाडी वाजली फाटकात. हे कागद मी पिशवीत ठेवीन, पाठवायला पत्ता नाहीच. पण एक गोष्ट राहिली, ती दादालाही सांगितली नाही, आणि कार्यक्रमांत तर कधीच नाही. बाबा, मला तुमचा गातानाचा आवाज आठवत नाही. बोलताना आठवतो, खोकताना आठवतो. गातानाचा नाही. मी किती प्रयत्न केला तरी तिथे फक्त पेटी ऐकू येते.